मादाम अमुक यांचे कानातले

गेले तीन वीकांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल टाकून चौकशी केली, आभारी आहे. आधी रिलीज होतं, मग सर्दी झाली, आणि मग जे झालं ते खाली येईलच. सुरुवात मात्र सिनेमापासून करतो, कारण सगळं तिथूनच निघालं.

आमच्या प्रोजेक्टवर लियोंच्या क्लायंटकडची एक बाई आहे. टेस्टिंग बघते. पन्नाशीची असावी. माझ्या कोडमधले बग ती इतक्या सभ्यपणे काढते की हिचे पूर्वज नक्की कुठल्यातरी दरबारात असणार असं माझं मत आहे. एकदा कॉलवर बाकीची मंडळी यायची वाट बघत होतो, तेव्हा सहज म्हटलं, तुमच्याकडचा एखादा जुना सिनेमा सुचवा की. युद्ध नको, क्रांती नको, हलकंफुलकं काहीतरी. ती म्हणाली, "मादाम द" बघ. मी विचारलं, द काय? तर म्हणाली, तेवढंच. द, आणि पुढे तीन टिंबं.

फ्रेंच आडनावात हा "द" आला की बहुधा माणूस खानदानी. आपल्याकडे नावापुढे "सरदार" लागावं तसं काहीसं. ह्या सिनेमातल्या बाईचं आडनाव शेवटपर्यंत कळत नाही. कोणी उच्चारायला गेलं की मध्येच काहीतरी आवाज होतो, कुठे लिहिलेलं असेल तर नेमकं तेवढं झाकलेलं असतं. थोडक्यात, मादाम अमुक. हलकंफुलकं काहीतरी म्हणून मी तो शनिवारी रात्री लावला. बायको शेजारी, मांडीवर चिवड्याचा डबा, सबटायटल्स सुरू. आणि दुसऱ्याच मिनिटाला माझ्या पोटात गोळा आला.

कारण सिनेमा सुरू होतो तो एका बाईच्या हातांपासून. चेहरा दिसत नाही. हात कपाट उघडतात, दागिन्यांवरून फिरतात, फरच्या कोटांवरून फिरतात. बाई स्वतःशी पुटपुटतेय, की यातलं काय विकावं. तिला कर्ज झालंय आणि नवऱ्याला सांगायचं नाहीये. फर सोडवत नाही, गळ्यातला क्रॉस तर नाहीच. शेवटी हात एका जोडावर थांबतात, हृदयाच्या आकाराचे हिऱ्यांचे कानातले. लग्नात नवऱ्याने दिलेले. म्हणजे आपले, आणि आपल्या वस्तूचं आपण काहीही करू शकतो, असा तिचा हिशोब.

"हे घे, बाई लग्नातलीच वस्तू काढतेय विकायला," बायको म्हणाली. मी चिवड्यात शेंगदाणे शोधत राहिलो.

पुढची गोष्ट सांगतो. ज्यांना बघायचाय त्यांनी हा भाग सोडून द्या. (पण खरं सांगू, ह्या सिनेमाची गोष्ट कळली म्हणून काही बिघडत नाही.)

मादाम लुईझ रेमी नावाच्या सराफाला कानातले विकते आणि रात्री ऑपेराला गेल्यावर ते हरवल्याचं नाटक करते. नवरा सैन्यात जनरल. तो बिचारा सगळं थिएटर पालथं घालतो. दुसऱ्या दिवशी पेपरात चोरीची बातमी. सराफ हादरतो, चोरीचा माल घेतल्याचा आळ आपल्यावर यायचा, म्हणून तो गुपचूप जनरलकडे जाऊन खरं काय ते सांगतो. जनरल पैसे मोजून कानातले परत घेतो, आणि बायकोला एक शब्दही बोलत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. उलट ते कानातले तो आपल्या मैत्रिणीला, लोलाला, निरोपाची भेट म्हणून देऊन टाकतो. तिच्यापासून सुटका हवीच होती, ती कॉन्स्टँटिनोपलला निघालीय. तिथे लोला जुगारात हरते आणि ते विकते. तिथल्या एका दुकानात ते दिसतात दोनाती नावाच्या इटालियन बॅरनला. तो विकत घेतो आणि सामानात टाकून पॅरिसला निघतो. वाटेत बाझलच्या कस्टमच्या नाक्यावर त्याला एक सुंदर बाई दिसते. कोण असणार? अर्थात.

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मला तर हे सगळं ट्रान्झॅक्शन लॉग वाचल्यासारखं वाटत होतं. एकच रेकॉर्ड, मालक बदलत चाललाय, आणि सिस्टीममधल्या कुणालाच पूर्ण हिस्टरी दिसत नाही. प्रत्येकाला फक्त आपापली एंट्री माहीत. अख्ख्या सिनेमात हा जोड रेमी चार वेळा विकतो, तीनदा जनरललाच आणि शेवटी एकदा खुद्द मादामला. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही सराफाला हेवा वाटावा असं गिऱ्हाईक.

पण साधारण तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटानंतर हसू कमी होत जातं. लुईझ आणि दोनाती नाचतात. एका पार्टीत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दिग्दर्शक मधले दिवस दाखवतच नाही. वॉल्ट्झ थांबत नाही, नुसते कपडे बदलतात आणि बोलणं बदलतं. आधी "चार दिवसांनी भेटतोय", मग दोन दिवसांनी, मग चोवीस तासांनी. दिवस कमी होत जातात तसे शब्दही कमी होत जातात. शेवटी दिवाणखान्यात हे दोघेच, वाजवणारे कंटाळलेले, नोकर मेणबत्त्या विझवत चाललाय, तरी यांचं गोल गोल चालूच. चुंबन नाही, मिठी नाही, आपल्या सेन्सॉर बोर्डाने सुद्धा बिनबोभाट पास केलं असतं. पण ते बघताना आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलोय असं वाटत राहतं.

दिग्दर्शक माक्स ओफ्युल्स. जन्माने जर्मन ज्यू, १९३३ मध्ये जर्मनी सोडून फ्रान्सला आला, १९४१ मध्ये फ्रान्स सोडून अमेरिकेला गेला, पुन्हा फ्रान्सला परतला आणि १९५३ मध्ये हा सिनेमा काढला. त्याचा कॅमेरा एका जागी ठरतच नाही. जिन्यावरून, दारांतून, पडद्यांमागून माणसांच्या मागे मागे फिरत असतो, इतका की जेम्स मेसन ह्या नटाने त्याच्या ह्या सवयीवर एक विनोदी कविताच लिहिली होती. लुईझचं काम करणारी दानिएल दारिये २०१७ मध्ये वारली, तेव्हा ती शंभर वर्षांची होती. जनरल म्हणजे शार्ल ब्वाये. हेच दोघं १९३६ च्या "मायरलिंग" मध्ये एकमेकांसाठी जीव देणारे प्रेमिक होते. सतरा वर्षांनी ह्या सिनेमात ते वेगवेगळ्या खोल्यांत झोपणारे नवराबायको आहेत, आणि आपापल्या पलंगावरून एकमेकांशी गप्पा मारतात. पुढचा भाग माझ्यासाठी सगळ्यात मजेचा. बॅरन म्हणजे व्हित्तोरियो दे सिका. होय, "बायसिकल थीव्हज" वाला. सायकलीसाठी वणवण फिरणाऱ्या गरीब बापाचा सिनेमा करणारा माणूस इथे पांढरे हातमोजे घालून हिरे विकत घेत फिरतोय!

मूळ गोष्ट लुईझ द व्हिल्मोरँ ह्या लेखिकेची, १९५१ ची. ही बाई स्वतःच खानदानी. बियाणांच्या प्रसिद्ध व्हिल्मोरँ कंपनीचं घराणं, एकदा "लिटल प्रिन्स" वाल्या सेंतेक्झ्युपेरीशी लग्न ठरून मोडलेलं, नंतर एका हंगेरियन काउंटची बायको. तिला ह्या लोकांच्या घरातली कपाटं आतून माहीत असणार.

आता एक प्रश्न. बायकोला एवढी लपवाछपवी करायची गरज काय? कर्ज झालं तर झालं, सांगायचं की! मी हे म्हटल्यावर बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी सिनेमा पॉज केला आणि जरा वाचलं. वाचून बरंच काही कळलं.

नेपोलियनचा १८०४ चा कायदा. लग्न झालेल्या बाईने नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं, हे त्यात सरळ लिहून ठेवलेलं होतं, आणि व्यवहाराच्या बाबतीत ती जवळपास अज्ञान मुलासारखी. नवऱ्याच्या परवानगीशिवाय फ्रेंच बायकोला नोकरी करायची आणि स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडायची मोकळीक मिळाली १९६५ मध्ये. एकोणीसशे पासष्ट! घटस्फोट १८१६ मध्ये बंद करून टाकलेला, तो परत आला १८८४ मध्ये. व्यभिचाराचं कलम तर बघण्यासारखं आहे. बायकोने केला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद. नवऱ्याने केला तर नुसता दंड, आणि तोसुद्धा त्याने त्या बाईला घरातच आणून ठेवली असेल तर. शिवाय बायकोला आणि तिच्या प्रियकराला घरात रंगेहाथ पकडून नवऱ्याने मारून टाकलं, तर कायदा तो खून क्षम्य मानायचा. हे कलम १८१० च्या दंडसंहितेतलं, आणि व्यभिचाराच्या बाकी कलमांबरोबर ते गेलं १९७५ मध्ये.

म्हणजे जनरलने लोलाला हिरे दिले तो शौक. लुईझने दोनातीकडून तेच हिरे घेतले तर मात्र... आणि ती घेते. दोनाती तिला भेट देतो तेच कानातले! त्याला त्यांचा इतिहास माहीत नाही. तिला माहीत आहे, पण ती सांगत नाही. गंमत अशी की नवऱ्याने दिले तेव्हा जी वस्तू तिला सगळ्यात आधी विकावीशी वाटली, तीच आता तिला जिवापेक्षा प्यारी झालीय. हिरे तेच, वजन तेच.

आता ते घालायचे तर नवऱ्याला काय सांगणार? इथे तो प्रसंग येतो. पार्टीला निघताना नवऱ्यासमोर ती हातमोजे काढायला जाते, आणि मोज्यांतून "अय्या, हे इथे होते होय!" असं करत कानातले काढते. दारियेने हे काय केलंय! बाई खोटं बोलतेय, वाईट नटीसारखं खोटं बोलतेय, आणि तिला स्वतःला मात्र आपण झकास करतोय असं वाटतंय, हे सगळं एका वेळी. आणि जनरल बघतोय. त्याला माहीत आहे. ते आपण कुणाला दिले होते हे त्याला माहीत आहे, म्हणजे हे मोज्यांत असूच शकत नाहीत. पण बोलायचं तर स्वतःचं लोला-प्रकरण बाहेर काढावं लागेल. तो काहीच बोलत नाही.

इथे मी शेजारी बघितलं. बायको स्क्रीनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

आता माझं सांगतो.

मागच्या वर्षी ऑफिसातल्या एकाच्या नादाने मी ऑप्शन्समध्ये ट्रेडिंग सुरू केलं. (नादाने म्हणणं हा पळपुटेपणा आहे. बटण मीच दाबत होतो.) सुरुवातीला दहा-वीस हजार सुटले, तेव्हा इंजिनियरिंगची चार वर्षं फुकट गेली नाहीत असं वाटलं. सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले होते, तीन वर्षांत ह्या बाजारात उतरलेल्या शंभर सामान्य माणसांतले ९३ तोट्यात. हा आकडा मी तेव्हा वाचला होता, आणि उरलेल्या सातांत आपण, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. ऑक्टोबर ते जानेवारी ह्या चार महिन्यांत ३ लाख ८० हजार गेले. त्यासाठी मी एक एफडी मोडली होती. माझ्या एकट्याच्या नावावर होती, पण पैसे लग्नातल्या आहेराचे. दोघांचे. घराच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेले. जानेवारीनंतर एक रुपया लावला नाही, पण सांगितलंही नाही. फ्लॅटचा विषय निघाला की मी "रेट जरा खाली येऊ देत" म्हणायचो. लोक म्हणतात लपवलेल्या गोष्टी मन खातात वगैरे. तसं काही नाही. एक-दोन महिन्यांत सवय होते. माझी तरी झाली होती.

सिनेमाकडे परत जातो, कारण त्या रात्री मीही तेच केलं.

पुढे सगळं वेगाने उतरणीला लागतं. नाचाच्या समारंभात जनरल दोनातीला बाजूला घेऊन अत्यंत सभ्य शब्दांत सांगतो, की हे कानातले मीच तिला लग्नात दिलेले, तेव्हा आपण ते सराफाला विकावेत, मी तिथून घेईन. दोनाती खानदानी माणूस, विकतो. पण त्याला लागतं ते वेगळंच. तिने नवऱ्याला एक थाप मारली आणि आपल्याला दुसरी, हे. नवऱ्याला फसवणं त्याला चालत होतं, किंबहुना त्यावरच सगळी इमारत उभी होती. आपल्याला फसवलं हे चालत नाही. तो तिथल्या तिथे विझतो. बायको इथे म्हणाली, "म्हणजे ह्याला नवऱ्याचे हक्क हवेत, नवऱ्याच्या जबाबदाऱ्या नकोत." मला दोनातीची कीव आली होती, पण मी गप्प बसलो. त्या रात्री मला कुणाची बाजू घ्यायची सोय नव्हती.

माझ्या मते सिनेमा जनरलचा आहे. पहिला तासभर तो आपल्याला लाकडी ठोकळा वाटतो. मिशा, गणवेश, टोमणे. समाजात आपलं लग्न कसं दिसतं ते सांभाळायचं, बाकी ज्याचं त्याने बघावं, असा माणूस. मत्सर करणं त्याच्या वर्गात गावंढळपणाचं लक्षण. नवऱ्याने बायकोवर जळायचं म्हणजे दुकानदार लोकांचं काम! त्यामुळे तो विनोद करत राहतो. आणि मग एका बेसावध क्षणी कळतं, की ह्या माणसाचं बायकोवर खरोखरच प्रेम आहे, आधीपासूनच असावं. पण वापरायला त्याच्याकडे भाषाच नाही. जी आहे ती टोमण्यांची आणि हुकमांची. एका ठिकाणी तो तिला म्हणतो, की तुम्ही सगळ्यांनी माझं जे सोंग ठरवून टाकलंत ते मला फारसं आवडत नाही, तुझ्यासाठी म्हणून वठवत आलो. (शब्द माझे, भाव त्याचा.) मग तो हुकमाच्या भाषेत प्रेम करायला जातो, आणि ते भयंकर आहे. तो तिला ते कानातले आपल्या बाळंत झालेल्या भाचीला द्यायला लावतो. तिच्या स्वतःच्या हातांनी. ती रडत रडत देते. भाचीचा नवरा कर्जात, भाची ते रेमीला विकते, रेमी नेहमीच्या सवयीने जनरलकडे धावतो, आणि ह्या वेळी जनरल त्याला हाकलून देतो. मग लुईझ स्वतः जाते. पहिल्या प्रसंगात ज्या फरला तिचे हात सोडत नव्हते ती फर, बाकीचे दागिने, सगळं देऊन ती ते कानातले विकत घेते.

जनरल दोनातीला द्वंद्वाचं आव्हान देतो. कारण अर्थातच वेगळंच पुढे केलेलं, बॅरन सैन्याबद्दल काहीतरी बोलला म्हणून! अपमान झालेल्याने पहिली गोळी झाडायची हा नियम. लुईझ चर्चमध्ये जाते, मग धापा टाकत द्वंद्वाच्या जागेकडे. एक गोळी ऐकू येते. दुसरी येत नाही. ती तिथेच कोसळते. शेवटी चर्चमध्ये काचेखाली ते कानातले, आणि दात्याच्या नावाची पाटी. मादाम द...

लॅपटॉप बंद केला. बायको म्हणाली, "झोपू या." मीही बरं म्हटलं.

दोन दिवसांनी कॉलवर मी लियोंच्या बाईंना म्हटलं, हलकंफुलकं म्हणाला होतात! त्या हसल्या. म्हणाल्या, हे असंच होणार होतं, ती नवऱ्याला सांगत नाही ना. पण आमच्याकडे एक बाई सांगून टाकते, तिची गोष्ट आम्हाला शाळेत होती, आणि मला अजिबात आवडली नव्हती. त्यांनी सांगितलेली "प्रिन्सेस द क्लेव्ह" मग मी इंग्रजीतून आठवडाभरात वाचली. बारीक आहे, पण नावंच इतकी की पहिली वीस पानं एचआरचा ऑर्ग चार्ट वाचल्यासारखी जातात. नेट धरा.

ही कादंबरी १६७८ ची. छापली तेव्हा लेखकाचं नाव नव्हतं, कारण बड्या घरच्या बाईने कादंबऱ्या लिहिणं शोभत नव्हतं. लिहिणारी मादाम द लाफायेत. काळ त्याच्याही सव्वाशे वर्षं आधीचा, दुसऱ्या हेन्री राजाच्या दरबाराची शेवटची दीडेक वर्षं. राजकन्या सोळाव्या वर्षी दरबारात येते, प्रिन्स द क्लेव्ह तिच्या प्रेमात पडतो, ती त्याच्याशी लग्न करते. आदर आहे, प्रेम नाही, आणि हे त्यालाही ठाऊक. मग एका नाचाच्या समारंभात द्यूक द नमूर. (परत नाच! ह्या लोकांना दुसरे उद्योग नव्हते का?) ओळख करून द्यायच्या आधीच दोघं नाचून मोकळे. पुढे सगळं नजरेवर. एकदा तो तिचं छोटं चित्र चोरतो. ती बघते, आणि गप्प राहते. बस, एवढंच तिचं पाप. एके ठिकाणी ती रात्री एकटी बसून त्याच्या काठीला त्याने स्पर्धेत मिरवलेल्या रंगांच्या फिती बांधत असते. ती काठी हिंदुस्थानी बेताची आहे. तेवढाच आपला त्या दरबारात शिरकाव.

मग ती ते करते जे तोवर कुणी केल्याचं ऐकिवात नाही. कुलोमिएच्या बागेत नवऱ्यापुढे गुडघे टेकून सांगते, की मला दरबारापासून लांब राहू द्या, माझं मन एका माणसाकडे ओढतंय, मी काही चूक केलेली नाही आणि करायची नाहीये. नाव सांगत नाही. नवरा हलतो, तिच्या प्रामाणिकपणापुढे वाकतो, आणि त्याच क्षणापासून त्याच्या डोक्यात किडा. कोण? नेमका नमूर तिथे लपून सगळं ऐकतोय. त्याच्याने राहवत नाही, तो नावं गाळून मित्राला सांगतो, मित्र पुढे सांगतो, आणि काही दिवसांत अख्ख्या दरबारात "एका बाईने म्हणे नवऱ्याला..." सुरू. आता बायकोला वाटतं नवऱ्याने फोडलं, नवऱ्याला वाटतं बायकोने. दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट बाहेर गेली म्हणजे दुसऱ्यानेच! तिसरा माणूस ऐकत होता हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. प्रॉडक्शनमध्ये डेटा लीक झाला की टीममध्ये नेमकं हेच होतं. असो.

नवरा पाळतीवर माणूस ठेवतो. तो माणूस नमूरला रात्री बागेत शिरताना बघतो, अर्धवट बातमी आणतो. नवरा नसलेलं समजून घेतो, तापाने अंथरूण धरतो आणि जातो. जाताना म्हणतो, मला अंधारातच का नाही राहू दिलंस, इतरांच्या नवऱ्यांसारखं? आता ती मोकळी आहे, नमूर हात जोडून उभा आहे. ती नाही म्हणते. ज्याचं प्रेम अडथळ्यांवर पोसलंय ते अडथळे गेल्यावर टिकेल कशावरून, हे एक कारण. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवून जरा फेऱ्या मारल्या.

पुस्तक आल्यावर त्याच वर्षी "मर्क्यूर गालाँ" नावाच्या मासिकाने वाचकांना प्रश्न टाकला, अशा बायकोने नवऱ्याला सांगावं की गप्प राहावं? पोलच म्हणा ना. पत्रांचा पाऊस पडला. आणि बहुतेकांचं मत पडलं, सांगू नये. ही त्यांची १६७८ ची गत. पुढे २००६ मध्ये लियोंलाच एका भाषणात सार्कोझींनी ह्या पुस्तकाची टर उडवली, की सरकारी नोकरीच्या परीक्षेत हिच्यावर प्रश्न विचारणारा मूर्ख तरी असेल नाहीतर छळवादी तरी. ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, २००९ च्या संपांच्या वेळी, लोकांनी चौकाचौकांत ह्या कादंबरीची जाहीर वाचनं केली, बिल्ले लावले, आणि पुस्तकाचा खप वाढला. लियोंच्या बाईंनी तेव्हा बिल्ला लावला होता. शाळेत आवडलं नव्हतं ते वेगळं, म्हणाल्या, पण हे बोलणारा तो कोण!

तर त्या मासिकाच्या वाचकांचा सल्ला वाचून मला आयतं कारण मिळालं होतं. बहुमत गप्प राहण्याच्या बाजूने. तरी पुढच्या शनिवारी, भांडी घासताना, मी सांगितलं. म्हणजे ती घासत होती, मी विसळत होतो. आकडा आधी सांगितला, मग बाकीचं. बाजाराची थोडी कारणं सांगायला लागलो तेव्हा तिने नळ बंद केला.

"मला जुलैपासून माहीत आहे," ती म्हणाली.

आमचे दोघांचे रिटर्न्स तीच भरते. माझं वार्षिक स्टेटमेंट उघडलं तर एफडीचं व्याज अर्ध्याच वर्षाचं. तिला विचारावंसं वाटलं, मग वाटलं सांगेल आपणहून. मग दर वेळी मी "रेट खाली येऊ देत" म्हणालो की तिला ते मोज्यांतून कानातले काढल्यासारखं... म्हणजे हे तिने सिनेमा बघितल्यावर म्हटलं, जुलैत काय म्हणत होती देव जाणे. आधी तिला वाटलं होतं कुणीतरी दुसरी आहे. दोन महिने तसंच वाटत होतं. मी हसलो, आणि हसणं किती चुकलं ते लगेच कळलं.

"अगं, मग विचारलं का नाहीस?"

"विचारून तू आणखी एक थाप मारली असतीस. मग मला ती पण धरून बसावी लागली असती."

मी म्हटलं, म्हणजे तू जनरल निघालीस. तर म्हणाली, नाही रे, जनरल दर वेळी पैसे भरून वस्तू घरी आणतो. मी नाही आणणार. आणि मग हात पुसत पुसत म्हणाली, की ऑगस्टपासून तिने स्वतःच्या एकटीच्या नावावर महिना पंधरा हजारांची आरडी सुरू केलीय. घर झालं तर झालं, नाही झालं तर तिला असावी म्हणून.

"नाही झालं तर" म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. माझे ३ लाख ८० हजार गेले त्याचं मला इतकं लागलं नव्हतं जितकं ह्या पंधरा हजारांचं लागलं. हक्क काही नाही लागून घ्यायचा, हे कळतंय. तरी.

त्या रात्री भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ती माहेरी चिंचवडला जाणार होती ते आधीच ठरलेलं होतं, तशी ती रविवारी सकाळी गेली आणि संध्याकाळी परत आली. आईने दिलेल्या सांडगी मिरच्या फ्रीजवर ठेवल्या, शेजारी आरडीची पावती ठेवली. मुद्दाम ठेवली की पर्समधलं सामान काढताना राहिली, मला ठरवता आलेलं नाही. मी माझ्या फोनमधलं ते ॲप काढून टाकलं, आणि ट्रेडिंगची चार महिन्यांची स्टेटमेंट प्रिंट काढून तिच्या पावतीखाली ठेवली. सोळा पानं.

आज शनिवार. पावती आणि पानं अजून तिथेच आहेत, वर मिरच्यांचा डबा. तिने पानं चाळलीयत, कारण तिसऱ्या पानावर एका आकड्याभोवती पेन्सिलने गोल आहे आणि शेजारी प्रश्नचिन्ह. तो व्यवहार कशाचा होता ते मलाच आठवत नाहीये. आता ती क्लासहून यायच्या आत शोधायला बसतो.